घसारा : वहीतला आणि एंजिनावरचा

जमाखर्चाच्या वहीत 'घसारा' या शब्दाला एकच अर्थ असतो, तो म्हणजे तोटा. यंत्र विकत घेतले त्या दिवसापासून त्याची किंमत उतरू लागते आणि दर वर्षअखेरीस काही रक्कम वजा होता होता एके दिवशी ते यंत्र वहीतून नाहीसे होते. भारतीय रेल्वेचा अर्थव्यवहार १९२४ साली सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून वेगळा करण्यात आला, तेव्हा जीर्ण मालमत्तेच्या जागी नवी घेता यावी म्हणून घसारा निधीचीही तरतूद झाली. ती व्यवस्था दूरदृष्टीची होती यात शंका नाही. परंतु एखादे एंजिन नेमके कशाने झिजले, कोणत्या घाटात झिजले आणि कोणाच्या हातांनी झिजले, हे टिपून ठेवण्यासाठी त्या वहीत रकाना नव्हता. नवल वाटेल, पण हा राहून गेलेला रकाना भरण्याचे काम काही हौशी माणसे रंगाच्या कुंचल्याने करीत असतात.

छोट्या आगगाड्यांचा छंद महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहावयास मिळते. धावणाऱ्या गाड्या पाहून मुले हरखून जातात आणि त्यांना घेऊन आलेले वडीलधारेही तितकेच रमतात. मात्र या छंदाची एक शाखा अशी आहे, की तिच्याविषयी ऐकून सामान्य माणूस बुचकळ्यात पडतो. कारखान्यातून आलेले कोरे, चकचकीत एंजिन हे लोक घेतात, त्यावर दिवे, पायऱ्या, नळ्या, हातदांडे असे बारकावे चढवितात आणि मग ते जाणूनबुजून मळवितात. इंग्रजीत याला 'वेदरिंग' म्हणतात. आपल्याकडे लोणचे मुरते तसे एंजिन मुरविणे, असे त्याला म्हणावयास हरकत नाही.

मोल देऊन घेतलेली वस्तू आपल्याच हाताने मळवावयाची, हे मध्यमवर्गीय संसारात बसणारे नाही. नव्या सायकलच्या दांड्यावरचा कागदही महिनोन्महिने न काढणारे आपण लोक! तेव्हा हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे.

मळाचे व्याकरण

त्याचे उत्तर मळाच्या स्वरूपातच आहे. एंजिनावरचा मळ वाटेल तसा बसत नाही, त्याला दिशा असते. खालून वर येते ती रुळांमधल्या खडीची धूळ आणि ओतीव लोखंडाचे ब्रेक ब्लॉक चाकावर घासून उडालेली तांबूस भुकटी. ती चाकांवर, चौकटीवर आणि अंगाच्या खालच्या पट्ट्यावर दाट असते व वर जाता जाता विरळ होते. वरून खाली येते ती वाफेच्या एंजिनाची काजळी, किंवा विजेच्या एंजिनावर तारेशी घासणाऱ्या पट्ट्यांची काळपट धूळ. कोकणच्या पावसात ही छपरावरची घाण ओघळते आणि अंगावर उभ्या रेघा उमटतात. रेघ आडवी काढली, की जाणकाराला खोटेपणा तत्काळ कळतो, कारण पाऊस आडवा ओघळत नाही.

वाफेच्या एंजिनावर आणखीही खुणा असतात. पाणी जड असेल तर जेथे जेथे गळती तेथे तेथे क्षारांचे पांढरे डाग पडतात. धुराच्या पेटीवरचा काळा रंग उष्णतेने करपून राखाडी होतो. जोडदांडे मात्र तेलाने ओले आणि चकाकते राहतात. याहून बोलका असतो तो हातदांडा. सगळे एंजिन मळलेले असताना तो तेवढा लखलखीत असतो, कारण दिवसातून कित्येक वेळा चालक आणि फायरमन त्याला धरून वर चढलेले असतात. झिजेने वस्तू मळते तशी उजळतेही. हातदांडा उजळ ठेवणारा हौशी कारागीर प्रत्यक्षात एका कामगाराच्या तळहाताची नोंद करीत असतो.

या कामाला लागणारे साहित्यही पुष्कळसे घरगुतीच. रंग अतिशय पातळ करून खाचांत सोडावयाचा आणि किंचित ओल्या कुंचल्याने वरून खाली ओढावयाचा. जवळजवळ कोरडा कुंचला कडांवरून फिरविला, की पोपडे उडाल्याचा भास होतो. गेरू, कोळसा आणि शिक्षकांच्या बोटांना चिरपरिचित असलेली खडूची भुकटी, यांतून धूळ साधते. ही भुकटी पक्की करण्यासाठी वॉर्निशचा फवारा मारताच तिची छटा फिकी पडते, म्हणून ती आधीच थोडी अधिक लावावी लागते. प्रमाणाचे भान तर पदोपदी हवे. १:८७ या प्रचलित प्रमाणात पाच सेंटिमीटर रुंदीचा पोपडा अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच मोठा भरतो. बोटाएवढा गंजाचा डाग लावणारा माणूस एंजिन मुरवीत नाही, ते विद्रूप करतो.

भारतीय एंजिन करू पाहणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. या प्रमाणाचे बाजारी रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. युरोपातील १,४३५ मिलिमीटरच्या रुळांशी ते जुळतात. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटरचा. त्यामुळे कल्याणचे एंजिन बाजारी रुळावर उभे केले, की ते दुसऱ्याच्या मापाची वहाण घातल्यासारखे दिसते. रूळ स्वतः बनवा किंवा ही तडजोड सोसा, असे दोनच मार्ग उरतात.

ठाणे, कल्याण आणि 'खेकडा'

ही चर्चा ठाणे-कल्याणच्या वाचकाला दूरची वाटू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली उतारूंची गाडी ठाण्यासच आली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि साहिब, सिंध व सुलतान अशी तीन एंजिने, हा तपशील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, खाडी ओलांडून आणि पारसिकच्या डोंगराला वळसा घालून रूळ कल्याणला पोचले. पण त्या तीन एंजिनांपैकी एकही आज पाहावयास मिळत नाही. नावे राहिली, अंगे गेली.

हे जुन्या काळचे झाले म्हणावे, तर नजीकच्या काळाची कथाही फारशी वेगळी नाही. १९२९-३० च्या सुमारास कल्याणहून पुणे आणि इगतपुरी या दोन्ही दिशांना विजेची तार पोचली. भोर आणि थळ या दोन्ही घाटांतील चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. त्यासाठी १९२८ पासून स्वित्झर्लंड व इंग्लंडमध्ये बांधलेली एक्केचाळीस मालवाहू एंजिने आली. दोन लांब नाकाडी, मध्ये चालकाची खोली, चाकांना बाहेरून जोडलेले दांडे आणि चालताना डुलणारे अंग. युरोपात अशा घडणीच्या एंजिनांना मगर म्हणत, आपल्याकडे लोकांनी या एंजिनाचे नाव 'खेकडा' ठेवले. सुमारे साठ वर्षे या खेकड्यांनी घाटांत मालगाड्या ओढल्या आणि मागून रेटल्या. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन करण्यात आला आहे. बहुतेकांचे भंगार झाले.

पुढे त्यांना चालविणारी १,५०० व्होल्टची एकदिश वीजही गेली. छत्रपती शिवाजी टर्मिनस ते ठाणे या टप्प्यावर जून २०१५ मध्ये २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरील शेवटची जुन्या विजेवरची लोकल धावली. बदल आवश्यकच होता, त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की त्या यंत्रांचे कामाच्या दिवशीचे रूप कोणी टिपून ठेवले आहे काय?

दसरा आणि उरलेले दिवस

संग्रहालये हे काम करतात, असे उत्तर मिळेल. ते अर्धेच खरे आहे. संग्रहालयात एंजिन आले, की बहुधा प्रथम त्याला रंगाचा नवा हात दिला जातो. गंजापासून बचाव करण्यासाठी ते अवश्यही असते. पण त्या रंगाखाली साठ वर्षांचा पुरावा झाकला जातो. घाटात चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडावी लागते. चाकांभोवती व वाळूच्या नळ्यांभोवती पांढुरकी धूळ नसलेला खेकडा म्हणजे कर्जतच्या पुढे कधी न गेलेला खेकडा. ताज्या रंगाने सजलेल्या एंजिनावरून तो घाटात राबला की यार्डात, हे सांगता येत नाही.

स्वच्छ एंजिन खोटे असते, असा याचा अर्थ नव्हे. दसऱ्याला यंत्रे धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून पुजण्याची आपली रीत आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचा वाढदिवस आजही प्रवासी हौसेने साजरा करतात. ते रूपही खरेच. पण दसरा वर्षातून एकदा येतो आणि उरलेले दिवस कामाचे असतात. इतिहासाने दसऱ्याचेच छायाचित्र जपावे आणि कामाच्या दिवसाचे टाकून द्यावे, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. यंत्राच्या बाबतीत ती आहे, तशी माणसांच्याही बाबतीत आहे. उद्घाटनाची कोनशिला राहते, फिटर आणि खलाशी यांची आठवण राहत नाही.

या छंदातही ढोंग शिरू शकते, हे मान्य केले पाहिजे. सरसकट तपकिरी रंग फासून 'जुनेपणा' आणणारे पुष्कळ आहेत. बाजारात खोटी पुराणवस्तू करणाऱ्याच्या उद्योगाहून ते फारसे निराळे नाही. खरा कारागीर प्रत्येक डागाला विचारतो, की तू येथे का? त्याचे उत्तर छायाचित्रात किंवा ज्याने ते एंजिन हाताळले त्याच्या तोंडून मिळाले नाही, तर तो डाग लावीत नाही. हीच शिस्त इतिहासकाराची आणि हीच अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचीही असावयास हवी. सरासरीचा आकडा म्हणजे सर्वांगाला फासलेला तपकिरी रंग. तो खोटा नसतो, पण त्यातून कोणतेही एक एंजिन ओळखता येत नाही.

पुरावा घरोघरी

आणि येथेच ठाणे, कल्याण, डोंबिवलीची जबाबदारी सुरू होते. एके काळी रंगीत छायाचित्रे महाग होती, रेल्वेच्या आवारात छायाचित्र घ्यावयाचे तर परवानगीचा प्रश्न असे. कामाच्या दिवशीच्या खेकड्याची छायाचित्रे त्यामुळे थोडीच. जे उरले आहे, ते माणसांच्या स्मरणात. कल्याणच्या विद्युत एंजिनांच्या शेडमध्ये हयात घालविलेले फिटर, घाटात गाड्या नेलेले चालक, कळव्याच्या कारशेडमधले रंगारी यांच्यापैकी अनेकांनी निवृत्तीनंतर याच गावांत घरे केली. कोणत्या एंजिनाचे तेल कोठून गळे, कोणत्या दाराचा रंग प्रथम उडे, हे ती मंडळी क्षणात सांगतील. मात्र त्यांना कोणी विचारावयास हवे. खेकडे घाटातून गेल्याला आता तीन दशके उलटली. विचारण्याची मुदत फार उरलेली नाही.

यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यावेच लागतात. त्यांतील काही प्रकल्प या वृद्धांच्या ओसरीवर बसून लिहिले जाऊ शकतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांची सेवा करीत आले आहे. अशा संस्थांनी एखादे कपाट या वह्यांसाठी व घरोघरी पडलेल्या छायाचित्रांसाठी राखून ठेवले, तर तो त्यांच्या परंपरेला शोभणाराच उपक्रम होईल. मग त्या नोंदींवरून एखाद्या हौशी कारकुनाने सुटीच्या दिवशी वीतभर लांबीचा खेकडा मुरविला, त्याच्या चाकांभोवती वाळूची पांढुरकी धूळ बसविली आणि हातदांडा तेवढा उजळ ठेवला, तर एखादा निवृत्त चालक तो हातात घेऊन म्हणू शकेल, की होय, आमचे एंजिन असेच होते. घसारा निधीच्या वहीत ही नोंद कधीच झाली नाही. ती करून घेण्याचे काम अद्याप करता येण्याजोगे आहे.