सज्जे उतरले, तलाव उरला

ऑलिंपिकसारखी स्पर्धा दोन-अडीच आठवड्यांत आटोपते. तिच्यासाठी उभारलेली संकुले मात्र शहराला वर्षानुवर्षे पोसावी लागतात. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर तेथील अनेक क्रीडागारे ओस पडली. लंडनने २०१२ साठी बांधलेल्या जलतरण केंद्रात मागे काय उरावे, याचा विचार आराखड्यातच केला होता.

झाहा हदीद यांनी रचना केलेल्या या केंद्रात स्पर्धेच्या वेळी सुमारे १७,५०० प्रेक्षक बसत. त्यांतील बहुतेकांची सोय दोन्ही बाजूंच्या तात्पुरत्या सज्जांत होती. नंतर सज्जे उतरवून काचेच्या भिंती बसवल्या आणि सुमारे २,५०० आसने ठेवली. मार्च २०१४मध्ये केंद्र नागरिकांना खुले झाले, शुल्कही परिसरातील तलावांच्या बरोबरीचे. रिकाम्या आसनांची झाडलोट आणि दुरुस्ती पोहणाऱ्यांच्या तिकिटांतून भागत नाही, हे साधे गणित त्यामागे आहे.

खरी करामत पाण्याखाली आहे. तलावांचा तळ वर-खाली करता येतो आणि सरकत्या आडभिंतींनी त्यांचे भाग पाडता येतात. त्यामुळे शर्यतीच्या सरावाला खोल, तर मुलांना आणि ज्येष्ठांना उथळ पाणी मिळते. असा तळ काठाच्या पातळीला आणता आला, तर चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीलाही सावकाश पाण्यात उतरता येते. अर्थात रस्त्यापासून पाण्यापर्यंतची साखळी कोठेही तुटता कामा नये. प्रवेशाला उतार केला, पण कपडे बदलण्याच्या खोलीत खुर्ची वळतच नसेल, तर तो उतार शोभेचाच. प्रेक्षकांतही खुर्चीची जागा इतकी उंच हवी, की पुढचे उठून उभे राहिले तरी खेळ दिसावा.

लंडनचे सारेच आदर्श होते, असे नव्हे. खर्च सुमारे २६.९ कोटी पौंडांवर, म्हणजे मूळ अंदाजाच्या तिपटीहून वर गेला. छताच्या वळणामुळे वरच्या काही रांगांतून उंच फळीवरील सूरही नीट दिसत नव्हते.

भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मुरलीकांत पेटकर या मराठी खेळाडूने १९७२मध्ये जलतरणातच मिळवून दिले. तरीही आपल्या सार्वजनिक तलावांत उतरण्याची सोय पुष्कळदा उभ्या लोखंडी शिडीपुरतीच असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ क्रीडासुविधांची पुनर्रचना सरकारवर सोपवतो. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देऊ नये आणि अशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये, असे त्याचे कलम ४४ सांगते.