चौकटीबाहेरचा उजेड

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या दगडी इमारतीपुढे फोर्डची जुनी ‘मॉडेल टी’ उभी आहे, असे कृष्णधवल चित्र पाहिले की आपण ते शंभर वर्षांपूर्वीचे मानून मोकळे होतो. प्रत्यक्षात रस्त्याचे छायाचित्र गेल्या महिन्यातले आणि गाडी केवळ संगणकात घडवलेली असू शकते. ही गाडी छायाचित्रात बेमालूम कशी मिसळते? माझ्या मते याचे उत्तर गाडीच्या कारागिरीत नाही. लाकडी आरे आणि एकेक खिळा हुबेहूब असूनही गाडी अधांतरी दिसू शकते.

पहिली अट कॅमेऱ्याची. मूळ छायाचित्र जमिनीपासून दीड मीटरवरून घेतले असेल, तर सपाट रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तूचा दीड मीटर उंचीवरचा बिंदू क्षितिजरेषेवरच यायला हवा. संगणकातला कॅमेरा त्याच उंचीवर नसेल, तर गाडी दुसऱ्याच रस्त्यावर उभी असल्यासारखी वाटते.

दुसरी अट प्रकाशाची, आणि खरी मेख इथे आहे. 1914 ते 1916 या काळातल्या मॉडेल टीचा रंग चकचकीत काळा आणि रेडिएटर पितळी. आपल्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीच्या पितळेत तिच्या मागची इमारत दिसत नाही. दिसते ते छायाचित्रकाराच्या पाठीमागचे आकाश आणि रस्त्याची पलीकडची बाजू. म्हणजे नेमके छायाचित्राच्या चौकटीबाहेर राहिलेले! पॉल डेबेवेक यांनी 1998 साली मांडलेल्या पद्धतीत यावर उपाय आहे. गाडी ठेवायच्या जागी आरशासारखा चकचकीत गोल ठेवायचा आणि कमीअधिक एक्स्पोजर देऊन त्याची अनेक छायाचित्रे घ्यायची. एकाच छायाचित्रात सूर्याचे तेज आणि सावलीतला कोपरा दोन्ही मावत नाहीत, म्हणून अनेक. त्यांतून प्रत्येक दिशेने येणाऱ्या उजेडाचा नकाशा तयार होतो, आणि त्याच उजेडात गाडी चितारली जाते.

तिसरी अट सावलीची. यासाठी संगणकात रस्त्याची साधी, सपाट प्रतिकृती करतात आणि ती दोनदा चितारतात: एकदा गाडीसह, एकदा गाडीविना. समजा, टायरजवळच्या एका बिंदूवर गाडीविना उजेड 0.50 आहे आणि गाडीसह 0.20. फरक 0.30. मूळ छायाचित्रात तिथे 0.60 असेल, तर त्यातून 0.30 वजा करायचे. रस्त्याचे खडे, डाग, भेगा तशाच राहतात. फक्त उजेड कमी होतो. हा हिशोब खऱ्या प्रकाशाच्या मापात हवा. साठवलेल्या चित्रातला 0 ते 255 पैकी 128 हा आकडा निम्मा प्रकाश दाखवत नाही, जेमतेम 22 टक्के दाखवतो.

उरतात कडा. आऱ्याच्या कडेवरचा पिक्सेल अर्धा गाडीचा, अर्धा रस्त्याचा असतो. असे प्रमाण प्रत्येक पिक्सेलसोबत साठवून दोन चित्रे एकत्र करण्याचे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 साली मांडले. शेवटी मूळ छायाचित्राइतकाच धूसरपणा आणि तेवढेच कण गाडीवरही चढवले की काम संपते.

चित्रपटात ही कला आनंदाची आहे. पण असे चित्र खुलासा न करता हातोहात फिरले, तर उद्या एखाद्या शहराच्या इतिहासात पुरावा म्हणून छापले जाईल. म्हणून करणाऱ्याने चित्रावरच ‘संगणकनिर्मित’ असे लिहावे, आणि पाहणाऱ्याने गाडीच्या सौंदर्यावर भाळण्याआधी तीन ठिकाणे तपासावीत: टायर टेकतो तिथली काळोखी सावली, खांबांच्या आणि गाडीच्या सावल्यांची दिशा, आणि पितळेतले प्रतिबिंब. ही तपासणी दर वेळी पुरेल असे नाही. पण घाईने जोडलेले चित्र बहुधा इथेच उघडे पडते. कारण गाडी घडवण्यात महिने घालवणाराही चौकटीबाहेरचा उजेड टिपायला अनेकदा विसरतो.