कामाचा प्रवास, बसून राहणं आणि लंडनचे बस कंडक्टर



पीएच.डी. म्हणजे लॅब आणि लायब्ररी, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात प्रवासही बराच होतो. कधी फील्डवर्क, कधी कॉन्फरन्स, तर कधी दुसऱ्या शहरातल्या संस्थेत मशीनचा स्लॉट मिळाला म्हणून सॅम्पलचा डबा सांभाळत रात्रीची बस. जाताना दहा तास बसायचं, पोचल्यावर दिवसभर हॉलमध्ये बसायचं आणि येताना पुन्हा दहा तास. एखाद्या वेळी ठीक आहे. पण हे चार-पाच वर्षं चालणार असेल, तर "प्रवासात कुठला आलाय व्यायाम!" म्हणून विषय सोडून देता येत नाही. म्हणून आज बघूया, यावर संशोधन काय सांगतं आणि ते वाचायचं कसं.

सुरुवात बसपासूनच करू. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या वाहतूक सेवेतले 35 ते 64 वयाचे सुमारे 31 हजार पुरुष कर्मचारी त्यात होते. दुमजली बसचा ड्रायव्हर जवळजवळ सगळी पाळी बसून काढायचा. कंडक्टर मात्र तिकिटं देत दिवसाला साधारण 500 ते 750 पायऱ्या चढायचा. बस तीच, शहर तेच, पण हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. ज्यांना तो झाला, त्यांनाही तुलनेने उशिरा आणि कमी तीव्रतेचा झाला.

आता इथे थांबा आणि स्वतःला विचारा, "म्हणजे पायऱ्या चढल्यामुळेच हृदय चांगलं राहिलं का?" संशोधनाची तयारी करताना हीच सवय लावून घ्यायची असते. मॉरिस यांच्या गटाने हा प्रश्न स्वतःच पुढे नेला. 1956 मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा जास्त होता, आणि हा फरक अगदी तरुण कर्मचाऱ्यांमध्येही दिसला. म्हणजे काही फरक नोकरीला लागतानाच असणार. थोडक्यात, कामाने शरीर घडवलं की शरीराने काम निवडलं, हे पहिल्या अभ्यासावरून वेगळं करता येत नव्हतं.

पुढे 1973 मध्ये याच गटाने खुर्चीत बसून काम करणाऱ्या सुमारे 17 हजार सरकारी अधिकाऱ्यांचा अभ्यास मांडला. इथे सगळ्यांचं काम बैठंच. तरीही फावल्या वेळात दमवणारा व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळला. मुळात निरोगी माणसंच व्यायाम करतात, ही शंका इथेही उरते, पण नोकरीतल्या फरकाची अडचण दूर झाली. पुरावा असा एकेक शंका बाजूला करत उभा राहतो.

मग प्रयोग करून बघता येतं का? येतं. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियात 19 स्थूल व्यक्तींवर एक प्रयोग झाला. त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी कधी सलग पाच तास बसवलं, तर कधी दर 20 मिनिटांनी 2 मिनिटं चालवलं. चालण्याच्या दिवशी साखरेचं पेय घेतल्यानंतरची रक्तातली साखरेची वाढ सुमारे एक चतुर्थांशाने कमी होती. माणसं फक्त 19 आणि परिणाम एका दिवसाचा, हे विसरू नका. पण प्रत्येकाची तुलना स्वतःशीच असल्यामुळे इथे "मुळात माणसंच वेगळी होती" ही शंका येत नाही.

एक आकडा मात्र नीट समजून घ्या. चार तासांहून जास्त वेळ हालचाल न करता बसून प्रवास केला, तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. ऐकून घाबरायला होतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार निरोगी माणसाचा हा वाढलेला धोकाही साधारण 6,000 प्रवाशांत एक एवढाच आहे. 'दुप्पट' वाचलं की लगेच विचारायचं, "कशाच्या दुप्पट?" नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, आधी गुठळी झाली असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांशी बोला. प्रवासानंतर एकच पाय सुजून दुखला किंवा अचानक धाप लागली, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता कामाचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवला. पूर्वीची 'सलग किमान 10 मिनिटं' ही अट त्यात काढून टाकली. प्रवास करणाऱ्याला ही मोठी सवलत आहे, कारण तुकड्या-तुकड्यांतली हालचालही मोजली जाते.

म्हणून बस चहाला थांबली की उतराच, झोप येत नसेल तर. रेल्वेत शक्यतो कडेची जागा घ्या आणि तासाभराने डब्यातून एक फेरी मारा. उठता येत नसेल तर बसल्या जागी टाचा वर-खाली करा. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. कॉन्फरन्समध्ये पोस्टर उभ्यानं बघा, जेवणानंतर आवारात चक्कर मारा, लिफ्ट सोडून जिना घ्या. अनोळखी शहरात रात्री एकटीनं चालायला जाणं प्रत्येकीला सुरक्षित वाटेलच असं नाही. अशा वेळी गेस्टहाऊसच्या खोलीत सूर्यनमस्कार आणि बैठका पुरतात. जागा एका सतरंजीएवढी लागते.

पुढच्या प्रवासात एकच नोंद ठेवा: सर्वांत जास्त सलग किती वेळ बसलात? तो आकडा वहीत लिहा, आणि त्याच्या पुढच्या प्रवासात तो कमी होतो का ते बघा.