मळणी यंत्राच्या पट्ट्याचा सांधा

ज्वारी-गव्हाची मळणी सुरू झाली की यंत्राचा चपटा पट्टा नेमका घाईच्या वेळी तुटतो. मग तार ओवून किंवा नट-बोल्ट मारून काम भागवले जाते. असा सांधा पुलीवर आपटतो आणि पट्टा पुढे फाटत जातो. तारेच्या उघड्या टोकात सदऱ्याची बाही किंवा पदर अडकला तर हात गमावण्याची वेळ येते.

शेतकरी बंधूंनो, याऐवजी बाजारात मिळणारे पोलादी दात्यांचे फास्टनर वापरावेत. ते घेताना पट्ट्याचा तुकडा बरोबर न्यावा. पट्ट्याची जाडी आणि सर्वांत लहान पुलीचा व्यास, या दोन्हींवरून माप ठरते. जाड पट्ट्याचा मोठा फास्टनर लहान पुलीवर नीट वळत नाही व दात्यांच्या ओळीत पट्टा चिरतो.

खरी चूक कापण्यात होते. पट्ट्याची कड झिजलेली असते, त्यामुळे गुण्या कडेला लावून मारलेली रेघ तिरपी येते. तीन-चार ठिकाणी रुंदीचा मध्य काढावा, त्या खुणा जोडून मध्यरेषा आखावी आणि गुण्या तिलाच लावावा. फाटलेला भाग पूर्ण काढून धारदार सुरीने सरळ कापावे. काप तिरपा असेल तर सर्व ताण एकाच कडेवर येतो आणि पट्टा पुलीवरून उतरतो. पट्टा आखूड होईल म्हणून कुजका भाग ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यापेक्षा इंजिन थोडे पुढे सरकवलेले बरे.

फास्टनर पट्ट्याच्या रुंदीपेक्षा किंचित आखूड असावा. पट्ट्याचे टोक आतपर्यंत टेकवून, खाली सपाट लोखंड ठेवून, आधी दोन्ही बाजूंचे दाते हलके ठोकावेत म्हणजे फास्टनर सरकत नाही. नंतर मधले ठोकावेत व शेवटी सर्व दाते सपाट दाबावेत. दुसरे टोकही असेच करावे. दोन्हींच्या कड्या एकमेकींत बसवून त्यांतून फास्टनरसोबतची पिन ओवावी. तिच्या जागी खिळा घालू नये. त्याने कड्या लवकर झिजतात. पिनेची टोके पट्ट्याबाहेर राहू देऊ नयेत.

यंत्र प्रथम रिकामे चालवून पट्टा सरळ धावतो का पाहावे. नवा पट्टा काही तासांनी सैल पडतो, तेव्हा ताण पुन्हा पाहावा. ताणाची तपासणी इंजिन बंद करूनच करावी, आणि पट्ट्यावरील जाळी परत बसवल्याशिवाय कणसे घालू नयेत.