नऊ वर्षे लंडन, चार सामने मुंबई

व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडूचा देश बहुधा जन्माने ठरतो, क्लब मात्र करारानेच ठरतो. आणि विश्वचषकाच्या निमित्ताने आपल्याकडे देशाच्याच संघांची चर्चा अधिक होत असली, तरी वर्षातले मोजके आठवडे वगळता खेळाडूचे सारे आयुष्य क्लबच्या सरावात, क्लबच्या सामन्यांत आणि क्लबच्या डॉक्टरांसमोर जाते. महाराष्ट्रात कोल्हापूरने फुटबॉल जिवापाड जपला, पण तेथे पाटाकडील, खंडोबा अशा तालमींच्या नावाने संघ उभे राहिले आणि खेळाडूचे नाते पेठेशी जडले, त्यामुळे संघ बदलणे ही तेथे भावनेची बाब ठरते. युरोपातील व्यावसायिक खेळाडूला अशा भावनेची मुभा नसते. तो ठरावीक मुदतीचा करार करतो, मुदत संपली की नवा क्लब शोधतो, आणि त्याच्या नावापुढे जमत जाणारी क्लबांची यादी हीच त्याच्या शरीराची, नशिबाची व बाजारातील किमतीची नोंदवही होते. अशी नोंदवही स्वीडनमधील एका छोट्या गावात सुरू होऊन नवी मुंबईत संपावी, असा योग फ्रेडी ल्युंगबर्ग या खेळाडूच्या बाबतीत आला. आठ क्लब आणि, स्कॉटलंड वेगळा धरल्यास, सहा देश एवढा त्याचा प्रवास आहे.

आडनावाचा स्वीडिश उच्चार ‘युंगबेरी’च्या जवळ जाणारा आहे, इंग्लंडमध्ये त्याचे ‘ल्युंगबर्ग’ झाले आणि आपल्याकडेही तेच रूढ झाले, म्हणून येथेही तेच ठेवले आहे. कार्ल फ्रेडरिक ल्युंगबर्गचा जन्म १६ एप्रिल १९७७ रोजी दक्षिण स्वीडनमधील विट्‌खो या गावी झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब पश्चिम किनाऱ्यावरील हाल्मस्टाड येथे राहायला गेले आणि त्याच वयात तो तेथील हाल्मस्टाड्स बीके या क्लबच्या बालसंघात दाखल झाला. हँडबॉलमध्येही त्याने देशाच्या कुमार संघापर्यंत मजल मारली होती. हाताने चेंडू खेळण्याच्या या खेळात बचावपटूंच्या भिंतीतील क्षणभराची फट हेरून आत घुसावे लागते. पुढे फुटबॉलमध्ये त्याची जी खासियत झाली, तिचे मूळ तेथे शोधावेसे वाटते.

स्वीडनमधील क्लबांची रचना सोलापूरच्या वाचकाला परकी वाटणार नाही. तेथे क्लब ही सभासदांची संस्था असते, आणि ज्या क्लबांनी पुढे कंपनीचे रूप घेतले, त्यांनाही मतांचे बहुमत सभासदांकडेच ठेवण्याचे बंधन आहे. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत ज्या हक्काने सभासद प्रश्न विचारतो, त्याच हक्काने तेथील सभासद क्लबच्या सभेत उभा राहतो. या व्यवस्थेत क्लब गावाचा राहतो. पण त्याच्याकडे पैसा बेताचाच असतो, आणि मोठ्या देशाच्या क्लबने मागणी केली की गुणी खेळाडूला थोपवून धरणे त्याला परवडत नाही. ल्युंगबर्ग ऑक्टोबर १९९४ मध्ये हाल्मस्टाडच्या मुख्य संघातून पहिल्यांदा खेळला, १९९५ मध्ये क्लबने स्वीडिश चषक जिंकला, १९९७ मध्ये ‘ऑलस्वेन्स्कान’ म्हणजे देशाच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवले, आणि पुढच्याच वर्षी हा खेळाडू लंडनला गेला.

त्यासाठी आर्सेनल या क्लबने हाल्मस्टाडला सुमारे तीस लाख पौंड मोजले. या रकमेला हस्तांतरण शुल्क म्हणतात. खेळाडूचा करार चालू असताना त्याला घ्यायचे, तर मूळ क्लबला भरपाई द्यावी लागते. ती भरपाई म्हणजे हे शुल्क. खेळाडूचा पगार त्याहून वेगळा. करार संपल्यावर मात्र असे शुल्क मागता येत नाही, कारण बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोस्मान याच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तसा निकाल दिला आणि मुदत संपलेला खेळाडू मोकळा झाला. खेळाडूंच्या आजच्या भटकंतीचे सर्वांत मोठे कारण हा निकाल आहे, आणि ल्युंगबर्गच्या उत्तरार्धातील घाईघाईचे मुक्काम त्याच्याच आधाराने समजतात.

सप्टेंबर १९९८ च्या आरंभी स्वीडनने इंग्लंडला २-१ असे हरवले, त्या सामन्यातील ल्युंगबर्गचा खेळ पाहून आर्सेनलचे फ्रेंच प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला घेण्याचे पक्के केले. २० सप्टेंबर रोजी तो मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. आर्सेनलने तो सामना ३-० असा जिंकला. यानंतरची नऊ वर्षे तो याच क्लबकडे राहिला, ३२८ सामने खेळला आणि त्याने ७२ गोल केले. ज्याला भटका खेळाडू म्हटले जाते, त्याच्या कारकिर्दीचा जवळजवळ अर्धा भाग एकाच क्लबकडे गेला, ही गोष्ट त्याच्याविषयीच्या लेखनात अनेकदा विसरली जाते.

तो खेळत असे मधल्या फळीत, बहुतेकदा उजव्या बाजूला. पण त्याचे खरे काम चेंडू पायात नसताना चाले. प्रतिस्पर्ध्यांची नजर चेंडू असलेल्या खेळाडूवर खिळलेली असताना, तो दोन बचावपटूंच्या मधून गोलच्या दिशेने धाव घेई आणि चेंडू त्याच्या वाटेवर येऊन मिळे. असा चेंडू देणारा तितक्याच तोलाचा लागतो, आणि तो त्याला डेनिस बर्गकॅम्प या डच खेळाडूच्या रूपाने लाभला. ४ डिसेंबर २००१ रोजी इटलीच्या युव्हेंटसविरुद्ध लंडनमधील हायबरी मैदानावर झालेला गोल या जोडीचा उत्तम नमुना आहे. बर्गकॅम्प गोलकडे पाठ करून चेंडूवर उभा होता, बचावपटूंनी त्याला घेरले होते, आणि तो चेंडू न सोडता एकदा इकडे, एकदा तिकडे वळत राहिला. त्या क्षण-दोन क्षणांत ल्युंगबर्गची धाव पूर्ण झाली, बर्गकॅम्पने पायाच्या हलक्या झटक्याने चेंडू आत ढकलला आणि ल्युंगबर्गने तो जियानलुइजी बुफॉन या नामवंत गोलरक्षकाला चकवून जाळ्यात धाडला. टाळ्या बर्गकॅम्पला मिळाल्या, आणि त्या त्याच्या हक्काच्याच होत्या. पण मधली धाव योग्य वेळी सुरू झाली नसती, तर ते सारे वळणे व्यर्थ गेले असते.

त्याच हंगामात, मार्च २००२ मध्ये, डाव्या बाजूने खेळणारा फ्रान्सचा रॉबेर पिरेस गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि गोलांची जबाबदारी ल्युंगबर्गवर आली. एप्रिलमध्ये सामन्यामागून सामन्यात त्याने गोल केले. ४ मे रोजी वेल्समधील कार्डिफ येथे चेल्सीविरुद्ध एफए चषकाचा अंतिम सामना झाला. दीडशे वर्षांहून जुनी अशी ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा असून तिच्यात लहानमोठे शेकडो क्लब भाग घेतात. आर्सेनल १-० ने पुढे असताना ल्युंगबर्गने मैदानाच्या मध्याजवळून चेंडू घेऊन धाव सुरू केली, जॉन टेरी हा दणकट बचावपटू त्याला अडवताना स्वतःच जमिनीवर आडवा झाला, आणि तोल सावरत ल्युंगबर्गने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून मारलेला चेंडू वळण घेत दूरच्या कोपऱ्यात गेला. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातही त्याने गोल केला होता, पण तो सामना आर्सेनलने लिव्हरपूलविरुद्ध गमावला होता. लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत गोल करण्याची कामगिरी त्याआधी चाळीस वर्षांत कोणाला जमली नव्हती. चारच दिवसांनी मँचेस्टरमध्ये त्याचा फटका गोलरक्षकाने परतवला, परतलेला चेंडू सिल्वें विल्टॉर्डने जाळ्यात मारला, आणि आर्सेनलने प्रीमियर लीग ही इंग्लंडची सर्वोच्च साखळी स्पर्धाही जिंकली. केस तांबडे रंगवलेला हा खेळाडू त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००३-०४ मध्ये आर्सेनलने लीगच्या ३८ सामन्यांपैकी २६ जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही, त्या संघातही तो होता.

अचानक वेग पकडणे आणि त्याच वेगात वळणे यावर ज्याचा खेळ उभा आहे, त्याचे घोटे व खुबे सर्वांत आधी झिजतात. आर्सेनलच्या अखेरच्या हंगामांत तो दुखापतींनी वारंवार बाहेर राहिला. स्वीडनसाठी मात्र तो कर्णधार म्हणून २००८ च्या युरो स्पर्धेपर्यंत खेळला आणि ७५ सामन्यांनंतर थांबला. जुलै २००७ मध्ये लंडनमधल्याच वेस्ट हॅम युनायटेडने त्याच्याशी चार वर्षांचा करार केला; तो सुमारे वर्षभरातच परस्परसंमतीने संपुष्टात आला. तीस पूर्ण केलेल्या, दुखऱ्या शरीराच्या खेळाडूला चार वर्षांची हमी देणे हा क्लबचा चुकलेला हिशेब होता, आणि त्याचा दोष खेळाडूच्या माथी मारणे योग्य नाही.

यानंतर तो अमेरिकेला गेला. तेथील मेजर लीग सॉकर या स्पर्धेची व्यवस्था युरोपहून अगदी निराळी आहे. तेथे खेळाडूचा करार क्लबऐवजी लीगशी होतो आणि प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा असते; ही मर्यादा ओलांडून मोजक्या नामवंतांना घेता यावे म्हणून २००७ मध्ये डेव्हिड बेकहॅमच्या आगमनावेळी खास तरतूद झाली, आणि तिच्याच आधारे सिॲटल साउंडर्सने ल्युंगबर्गला घेतले. खुब्यावर शस्त्रक्रिया करून तो २००९ मध्ये उतरला. सिॲटलचा त्या लीगमधील तो पहिलाच हंगाम होता, घरच्या सामन्यांना सरासरी तीस हजारांहून अधिक प्रेक्षक येत, संघाने यूएस ओपन चषक जिंकला आणि ल्युंगबर्गची निवड वर्षाच्या सर्वोत्तम अकरा जणांत झाली. उत्तरार्धातील हे एक वर्ष खऱ्या अर्थाने भरभरून गेले. जुलै २०१० मध्ये सिॲटलने त्याला शिकागो फायरकडे दिले, तेही पैशाच्या मोबदल्यात नव्हे, तर भविष्यात नवोदित खेळाडू निवडण्याच्या सशर्त हक्काच्या बदल्यात. अमेरिकी खेळांत अशी अदलाबदल नेहमीची आहे. डिसेंबरअखेरीस तो स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या सेल्टिकशी उरलेल्या हंगामापुरता करारबद्ध झाला, २०११ मध्ये जपानच्या शिमिझु एस-पल्सकडे गेला, पुढच्या वर्षाच्या आरंभी तेथूनही निघाला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

पोटासाठी पगारावर खेळत मुलूख पालथा घालणे मराठी माणसाला अपरिचित नाही. सांगलीत जन्मलेले विजय हजारे महाराष्ट्र, मध्य भारत आणि बडोदा या संघांकडून खेळले, संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांचे क्रिकेट फुलले, आणि १९४९ च्या सुमारास त्यांनी इंग्लंडमधील लँकेशायर लीगच्या रॉटेनस्टॉल क्लबचा व्यावसायिक म्हणून कामही केले. तेव्हा भारतीय खेळाडू हंगामी करारावर त्या गिरणगावांत जात. २०१४ मध्ये प्रवाहाची दिशा पालटली आणि युरोपचे नामवंत भारतात आले.

त्या वर्षी आठ संघांची इंडियन सुपर लीग सुरू झाली. प्रत्येक संघात एक ‘मार्की’ खेळाडू, म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटे खपतील आणि जाहिराती मिळतील असा परदेशी तारा असावा, अशी योजना होती. दिल्लीने अलेस्सांद्रो देल पिएरोला, पुण्याने डेव्हिड ट्रेझेगेला, गोव्याने पिरेसला आणि अभिनेता रणबीर कपूर सहमालक असलेल्या मुंबई सिटीने ल्युंगबर्गला घेतले. आर्सेनलच्या दोन कडांनी एकेकाळी एकत्र धावलेले दोघे असे मुंबई आणि गोव्याच्या संघांत विभागले गेले. पिरेसने चाळिशी गाठली होती, ल्युंगबर्ग सदतीस वर्षांचा होता आणि दोन वर्षांहून अधिक काळ व्यावसायिक सामना खेळला नव्हता. मुंबईचे घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होत.

या योजनेने लीगला पहिल्याच वर्षी प्रेक्षक मिळवून दिले, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याच्या खेळाचा सारा जोर पायांच्या वेगात होता, त्याला एवढ्या खंडानंतर ऑक्टोबरच्या दमट मुंबईत उतरवण्यात फुटबॉलचा विचार कमी आणि फलकाचा विचार अधिक होता. बर्गकॅम्पसारखा पासवर जगणारा खेळाडू उतारवयातही उभ्या जागेवरून उपयोगी पडतो. धावेवर जगणाऱ्याला ती सवलत नसते. त्याच पैशात लहान वयाच्या मुलांसाठी मैदाने आणि प्रशिक्षक उभे राहिले असते, तर महाराष्ट्राच्या फुटबॉलला त्याचा अधिक काळ उपयोग झाला असता.

मुंबईकडून खेळताना दुखापतींनी त्याला सोडले नाही. आठ संघांत मुंबई सिटी सातवी आली. ल्युंगबर्गच्या नावावर चार सामने आणि शून्य गोल नोंदले गेले, आणि त्यानंतर तो कोणत्याही क्लबकडून खेळला नाही.