धाकटा डॉक्टर आणि दुखणारें पोट

सुशिक्षित कुटुंबांतील मुलगा, मुलगी किंवा सून शल्यशास्त्राच्या पुढील अभ्यासासाठीं मोठ्या रुग्णालयांत राहूं लागली, म्हणजे वडील मंडळी येणाऱ्याजाणाऱ्यांस अभिमानानें सांगतात, "आमची लेक आतां ऑपरेशनें करते." या अभिमानांत वावगें कांहींच नाहीं. परंतु तातडीच्या शस्त्रक्रियेच्या विभागांत धाकट्या डॉक्टरचें खरें काम कोणतें, याची कल्पना पुष्कळ घरांत नसते. तें काम सुरीचें थोडें आणि पहाऱ्याचें फार आहे. शिवाय हा पहारा सिद्धीस जाण्यास रुग्णाच्या घरच्यांचाहि हात लागतो. म्हणून या विषयावर आमच्या वाचकांशीं चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

एम्. बी. बी. एस्. ची साडेचार वर्षें, त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप आणि कठीण प्रवेशपरीक्षा, एवढें ओलांडल्यावर एम्. एस्. चीं तीन वर्षें सुरू होतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत शल्यविभागाचीं अनेक युनिटें असतात व प्रत्येकाचा तातडीचा वार ठरलेला असतो. त्या वारीं येईल तो रुग्ण त्या युनिटाचा. त्याच्या पोटावर युनिटांतला पहिला हात पडतो तो बहुधा सर्वांत धाकट्या निवासी डॉक्टरचा.

पोट धरून आलेला तरुण, हिरवी उलटी करणारी आजी, रेल्वेच्या रुळावरून उचलून आणलेला मजूर, मधुमेहानें पाय सडलेला गृहस्थ, हे सर्व एकाच दारानें येतात. कोणाच्या शिरेंत सलाइन लावावयाचें, कोणाच्या नाकांतून जठरांत नळी घालावयाची, कोणाची लघवी तासातासानें मोजावयाची, रक्ताचा नमुना स्वतःच्या हातानें नांव लिहून रक्तपेढींत धाडावयाचा, उभ्यानें छातीचा एक्स-रे काढवून श्वासपटलाखालीं हवेची काळी कोर दिसते कीं काय तें पाहावयाचें; कारण ती दिसली म्हणजे जठरास अथवा आंतड्यास भोक पडलें असें बहुधा समजावें. आपल्या देशांत विषमज्वरानें व क्षयानेंहि आंतड्यास भोक पडतें, हें त्यास विसरून चालत नाहीं. हीं कामें दिसावयास किरकोळ आहेत. परंतु रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत धड पोंचतो तो यांच्याच बळावर.

या सर्वांहून अवघड काम म्हणजे पुनःपुन्हा तपासणें. साधें ॲपेंडिक्सचें दुखणेंच घ्या. तें प्रथम बेंबीभोंवतीं अस्पष्ट दुखतें व कांहीं तासांनी उजवीकडे खालीं उतरून एका जागीं स्थिर होतें. आंतड्याच्या नसांस दुखण्याची नेमकी जागा सांगतां येत नाहीं. सूज पोटाच्या आंतील अस्तरास लागली म्हणजेच ती कळूं लागते. म्हणून रात्रीं नऊला तपासलेलें पोट आणि एकला तपासलेलें पोट यांत फरक काय पडला, हाच खरा प्रश्न. पोट मऊ होतें तें ताठ झालें का? नाडी वाढली का? कळ एकाएकी थांबली, तर ती बरें वाटल्यामुळें कीं ॲपेंडिक्स फुटल्यामुळें? हा बदल ओळखण्यास तोच हात त्याच पोटावर पुनःपुन्हा पडावा लागतो.

या दुखण्याचें शास्त्रहि फार जुनें नाहीं. 1886 सालीं बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी त्याचें मूळ ॲपेंडिक्समध्यें आहे हें ठामपणें मांडलें. 1902 च्या जून महिन्यांत इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असतां याच दुखण्यानें तो पुढें ढकलावा लागला. 24 जून रोजीं सर फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी राजवाड्यांतच शस्त्रक्रिया करून पू काढला आणि 9 ऑगस्टला राजास मुकुट चढला. पुढें 1921 सालीं लंडनचे शल्यवैद्य झॅकरी कोप यांनी पोटाच्या तातडीच्या दुखण्यांच्या निदानावर एक पुस्तक लिहिलें. धडधाकट माणसाचें पोट एकाएकी जबर दुखूं लागून तें सहा तास टिकलें, तर शस्त्रक्रियेचें कारण असण्याचा संभव मोठा, ही त्यांतील शिकवण वैद्यांच्या अनेक पिढ्यांनी गांठीं बांधली. अर्थात् याचा अर्थ सहा तास घरीं वाट पाहावी असा कोणीं करूं नये.

पूर्वीं शल्यवैद्य पाहीपर्यंत वेदना शमविणारें औषध देऊं नये असा दंडक होता. त्यानें निदान चुकत नाहीं असें पुढील अभ्यासांनी दाखविलें आणि तो दंडक मागें पडला. सोनोग्राफी व सीटी स्कॅन आले. इतकेंच नव्हे, तर 2020 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत ॲपेंडिक्सच्या रुग्णांस केवळ प्रतिजैविकें दिलीं, तेव्हां दर दहांतील सुमारें सात जणांस पहिल्या नव्वद दिवसांत शस्त्रक्रिया लागली नाहीं. तिघांस मात्र लागली. म्हणजे कापावें कीं थांबावें हा निर्णय पूर्वींहून अधिक बारीक झाला आहे. थांबावयाचें ठरलें, तर पहारा अधिकच डोळ्यांत तेल घालून करावा लागतो.

या पहाऱ्यांतील कसोटीचा क्षण म्हणजे वरिष्ठास उठविण्याचा. पहाटे तीन वाजतां, "सर, हें पोट मला बरें वाटत नाहीं," एवढें वाक्य उच्चारण्यास नवशिक्याची जीभ अडखळते. उगाच उठविलें तर हंसें होईल, न उठविलें तर माणूस जाईल. ज्या युनिटांत उठविल्याबद्दल कोणास बोलणी खावीं लागत नाहींत, तेथील रुग्ण अधिक सुरक्षित असतात, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

आतां आमच्या घरांकडे वळूं. पोट दुखूं लागलें कीं एकत्र कुटुंबांत औषधांस तोटा नसतो. आजी ओवा देते, काकू बेंबीवर हिंग लावते, 'नाभी सरकली' म्हणून कोणी पोट चोळतें, आणि अखेर कोठा साफ व्हावा म्हणून एरंडेल पाजलें जातें. ओव्याहिंगानें बहुधा नुकसान होत नाहीं. वेळ मात्र जातो. परंतु कारण न कळलेल्या जोराच्या पोटदुखींत रेचक देणें खरोखर घातक आहे. सुजलेलें ॲपेंडिक्स त्यानें फुटण्याचा धोका वाढतो, आणि आंतड्यास अडथळा असेल तर कळ असह्य होते.

दुसरी गोष्ट लज्जेची. आजोबांचा अंतर्गळ वर्षानुवर्षें धोतराआड दडलेला असतो. तो एके दिवशीं आंत जाईनासा होतो, दुखूं लागतो, उलट्या होतात. तरी ते 'सकाळीं पाहूं' म्हणतात. अडकलेल्या आंतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर तें कांहीं तासांतच मरूं लागतें. त्यांतून वृद्ध व मधुमेही यांस आंतील बिघाडाच्या मानानें वेदना कमी जाणवतात, हेंहि ध्यानांत असावें.

सुनेची गोष्ट याहून नाजूक. तिच्या खाटेभोंवतीं सासू, नणंद, दीर उभे असतां डॉक्टरनें "पाळी चुकली आहे का?" म्हणून विचारलें, तर ती खरें उत्तर देईलच असें नाहीं. गर्भ गर्भाशयाबाहेर नळींत राहिला व नळी फुटली, तर पोटांत रक्तस्राव होऊन प्राणावर बेततें. म्हणून हा प्रश्न विचारल्यावांचून गत्यंतर नसतें. यास्तव डॉक्टर जेव्हां म्हणतो, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसतां का?" तेव्हां त्यांत अपमान मानूं नये. तेवढीं दोन मिनिटें घरच्या लेकीसुनेचा जीव वांचवितात.

रुग्णास 'दोन घोट चहा' चोरून पाजूं नये. भूल देतांना पोटांतील पदार्थ श्वासनलिकेंत उतरला तर फुप्फुसास मोठा अपाय होतो. चालू औषधांच्या चिठ्ठ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या, बरोबर न्याव्या. आणि डॉक्टरशीं बोलण्यास घरांतील एकच शांत माणूस नेमावा. दहा जणांस दहा वेळां सांगण्यांत जाणारा वेळ दुसऱ्या कोणा रुग्णाचा असतो.

समाजाचेंहि या धाकट्यांकडे कांहीं देणें लागतें. 1984 सालीं न्यूयॉर्कमध्यें एक अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयांत दगावली आणि थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा प्रश्न ऐरणीवर आला. 2003 पासून अमेरिकेंत सर्वत्र आठवड्यास 80 तासांची मर्यादा लागू झाली. आपल्या केंद्र सरकारनें 1992 सालींच निवासी डॉक्टरांस सामान्यतः आठवड्यास 48 तास व सलग बारा तासांहून अधिक काम नसावें असें सुचविलें. प्रत्यक्षांत तातडीच्या वाराला जोडून दुसऱ्या दिवसाचें काम उभें राहतें, आणि छत्तीस तास न झोंपलेला हात पोटावर ठेवला जातो. रुग्ण दगावला कीं त्याच हातावर संतापलेले नातलग धांवून जातात. महाराष्ट्रानें 2010 सालीं अशा हिंसेस तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठरविणारा कायदा केला. तरी 2024 च्या ऑगस्टमध्यें कोलकात्यांत रात्रपाळीवर विश्रांती घेत असलेल्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हां ज्यांची लेक रुग्णालयांत रात्र काढते त्या प्रत्येक घराचें काळीज हललें.

कायदा आपलें काम करील. पण पुष्कळसें आपल्या हातीं आहे. पोट दुखणाऱ्यास वेळेवर न्यावें, खरें सांगावें, विचारलेल्या प्रश्नांचा राग मानूं नये. घरची मुलगी तातडीचा वार संपवून परतली, तर 'किती ऑपरेशनें केलींस?' असें विचारण्यापूर्वीं तिला जेवूं घालावें व निवांत झोंपूं द्यावें. उद्यां पुन्हा कोणाच्या तरी आजोबांच्या पोटावर तिला हात ठेवावयाचा आहे, आणि तो हात सावध असणें ही आपणां सर्वांचीच गरज आहे.