पानात आलेख ठेवला की मागून काय काय येतं?

(अक्कलकोट रोड एमआयडीसीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

काहीजण तसेच लूमवरून आलेत, शर्टावर कापूस दिसतोय, तेव्हा फार ताणत नाही.

मला विषय दिलाय तो असा : ऑफिसात फोटो, आलेख आणि मजकूर एका पानावर आणायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? लोकांना एक नाव हवं असतं. नावं सांगतो, पण जरा थांबा. आधी आपलं पान कसं असतं ते बघू.

टेरी टॉवेलचं साधं माहितीपत्रक घ्या. वर टॉवेलचा फोटो. खाली साइझ, वजन, जीएसएम. शेजारी पाच धुलाईंनंतर टॉवेल किती आटला त्याचा आलेख. तळाला दोन-चार ओळी मजकूर. आता ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. वजन ५०० ग्रॅम असेल तर जीएसएम आला ४४४. पार्टी म्हणाली, मला ४५० पाहिजे. वजन गेलं ५०६ ग्रॅमवर. हा आकडा तक्त्यात आहे, मजकुरात आहे, आलेखाखालच्या ओळीत आहे, आणि त्यावरून काढलेलं खोक्याचं वजन पुन्हा वेगळ्या पानावर आहे. तीन ठिकाणी बदललं आणि चौथं राहिलं, की पार्टीचा फोन येतो. म्हणून सॉफ्टवेअर दाखवायला कुणी आलं, तर पान किती छान दिसतं हे बघू नका. त्याला सांगा, एक आकडा बदलून दाखव.

आलेख बहुतेकांचा एक्सेलमध्ये तयार होतो. तिथून तो वर्डमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये पेस्ट करतो. पेस्ट करताना बारीक चौकोनांची एक रांग येते, ती आपण बघतसुद्धा नाही. त्यात मुळात तीन वाटा आहेत. पहिली, लिंक : आलेख पानावर दिसतो, पण त्याचे आकडे एक्सेलच्या मूळ फाइलीत राहतात. तिथं बदललं की इथं बदलता येतं. दुसरी, एम्बेड : अख्खी एक्सेल फाइल या फाइलीच्या पोटात जाऊन बसते. तिसरी, पिक्चर : नुसतं चित्र. मागे काही नाही, बदलायचं तर नवं आणा.

एक अनुभव सांगतो, नाव विचारू नका. एका युनिटचं कागदपत्रांचं काम मी बघत होतो. आमच्या आलेखांना लिंक होती. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली की आकडे बदलायला जावं तर ‘लिंक केलेली फाइल सापडत नाही’ असं यायचं. साहजिकच आहे, एक्सेलची फाइल पहिल्याच कॉम्प्युटरवर राहिलेली. मग आमच्यातलाच एक हुशार म्हणाला, एम्बेड करा, सगळं बरोबर राहील. केलं. खरंच सगळं बरोबर राहिलं! (हशा) प्रेझेंटेशन परदेशी पार्टीला गेलं. चार दिवसांनी त्यांचा मेल आला, अगदी नम्र. तुमच्या शीट तीनमधला सुताचा भाव गेल्या महिन्याचा दिसतोय, आता सूत उतरलंय, तर रेट पुन्हा बघावा. त्यांनी आलेखावर राइट क्लिक करून ‘एडिट डेटा’ केलं होतं. आत आलेखाच्या आकड्यांबरोबर सूत, डाईंग, मजुरी, आमचं मार्जिन, सगळं कॉस्टिंग उघडं. चोरी कुणीच केली नव्हती. आम्हीच डब्यात भरून पाठवलं होतं.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. ऑफिसच्या आत फिरणाऱ्या फाइलीत लिंक, आणि एक्सेल व पान एकाच फोल्डरात, फोल्डर हलवायचा तर अख्खा. बाहेर जाणारी फाइल पीडीएफ. पीडीएफ केली की पोटातली एक्सेल फाइल मागेच राहते. पार्टीला पॉवरपॉइंटच हवं असेल तर आलेख पिक्चर म्हणून पेस्ट करायचा.

फोटोचंही असंच. वर्डमध्ये फोटो क्रॉप केला म्हणजे कापला असं आपल्याला वाटतं. तो कापलेला नसतो, झाकलेला असतो. बाजूला दुसऱ्या पार्टीचं लेबल लावलेला टॉवेल पडला होता म्हणून तुम्ही कडा छाटली, तर समोरचा ती कडा ओढून लेबल वाचू शकतो. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये छाटलेला भाग काढून टाकायची खूण असते, ती करा. त्याच ठिकाणी रिझोल्यूशनही असतं. वर्ड स्वतःहून फोटो २२० पीपीआयवर आणतो. पडद्याला पुरतं, पण चांगल्या छपाईला प्रेसवाला ३०० मागतो. आणि कृपा करून फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो लहान होऊन जातो. लांब बाजू १६०० पिक्सेल उरली, तर ३०० नं भागा : सव्वापाच इंच. एवढाच तो नीट छापेल. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की होता तसा जातो.

आता आपल्या गावची अडचण. खात्यात लावायची सूचना मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये लागते. मागावर बसणारे निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात हे तुम्हाला मी काय सांगणार. यात सॉफ्टवेअरची खरी परीक्षा होते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथं इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून युनिकोडच वापरा. पण युनिकोड असूनही काही प्रोग्रामांत वेलांटी सुटते, जोडाक्षर फुटतं. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू केला नाही तर देवनागरी मोडते, आणि प्रोग्राम वाईट म्हणून लोक सोडून देतात. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांतही हाच ताप. विकत घेण्याआधी स्वतः टाइप करून बघा : ‘दुसऱ्या शिफ्टची विश्रांती’. यात रफाराचा भाऊ आहे, वेलांट्या आहेत, जोडाक्षरं आहेत. हे नीट उमटलं, पीडीएफमध्येही तसंच राहिलं, तर पुढं बोलू.

बरं, नावं. रोजचे रिपोर्ट, ऑडिटचे कागद, चार पानांचं कोटेशन : वर्ड आणि एक्सेल पुरे, किंवा फुकटातलं लिब्रेऑफिस. भिंतीवरची सूचना, लेबल, खोक्यावरची छपाई, एकेक पानाचं काम : कोरल, कारण आपल्याकडचा प्रेसवाला, फ्लेक्सवाला कोरलची फाइल हसत घेतो. फुकट हवं तर इंकस्केप. चाळीस पानांचा चादरींचा कॅटलॉग, प्रत्येक पानावर जकार्डच्या डिझाइनचा फोटो : तिथं वर्डशी कुस्ती खेळू नका. तिसाव्या पानावर फोटो हलवला की एकतिसावं पान पळतं. त्याला इनडिझाइन, नाहीतर स्क्रायबस. स्क्रायबस फुकट आहे. त्याच्या जुन्या १.४ मध्ये देवनागरी बसत नव्हती, २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये बसते. या दोन्हींत फोटो पोटात न घेता लिंकनं राहतात, आणि सगळे फोटो-फॉन्ट एका फोल्डरात गोळा करायची सोय असते. आलेख मात्र एक्सेलमधून पीडीएफ करून आणायचा, म्हणजे कितीही मोठा केला तरी रेघ फाटत नाही.

आणि रंग. पडद्यावरचा निळा आणि छापलेला निळा एक नसतो. वर्ड सीएमवायकेत काम करत नाही. टॉवेलच्या शेड दाखवायच्या असतील तर कोरल, इनडिझाइन किंवा स्क्रायबसमध्येच करा, आणि तरी कॅटलॉगबरोबर कापडाचा तुकडा पाठवा.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, मुलगी मोबाइलवर कॅनव्हात सगळं करून देते. मग हे कशाला?)

करू द्या की! इन्स्टाग्रामला, दिवाळीच्या शुभेच्छांना उत्तम आहे. फक्त दोन गोष्टी बघा. सीएमवायके पीडीएफ पैसे भरलेल्या खात्यातच मिळते. आणि काम कुणाच्या खात्यावर साठतंय? मुलीच्या स्वतःच्या ईमेलवर असेल, आणि उद्या ती लग्न होऊन पुण्याला गेली, तर तुमचा कॅटलॉग पण पुण्याला. (हशा) कारखान्याच्या ईमेलवर खातं उघडा, आजच.

पुढचा प्रश्न कोणाचा? हां, मागचे काका, बोला.